वेळेचे रिकामे तक्ते

माझ्या थोरल्या जाऊबाई वृद्धाश्रमाच्या ऑफिसात टायपिस्ट, आणि मी तिथेच नर्स. जावा-जावांचं किती पटतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ही गोष्ट मी स्वतःहून चारचौघांत सांगते.

आमच्या आजी-आजोबांना परदेशातली मुलं व्हिडिओ कॉल करतात. कुणाचा कॉल कधी, ते कॉम्प्युटर त्याच्या डेटाबेसमधल्या, म्हणजे साठवलेल्या माहितीतल्या, नोंदी पाहून ठरवतो. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर पुढेमागे होतात आणि दर वेळी आमची फजिती. ती अशीच बदलली, त्या सोमवारी आमच्याकडचे निवृत्त हेडमास्तर आजोबा कोट चढवून तासभर स्क्रीनसमोर बसले. "लेक विसरली वाटतं," म्हणाले. मीच त्यांना खोलीत परत नेलं.

मॅनेजर म्हणाले, "एक तास मिळवून टाका, झालं."

"आणि सहा महिन्यांनी वजा करा?" जाऊबाई म्हणाल्या. "सर, डेटाबेसला शहराचं नाव देऊन वेळ विचारली, तर उत्तर कोरं आलं. जगभरच्या वेळांचे तक्तेच रिकामे आहेत. कुणी भरलेच नाहीत."

"मग सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस बोलवू."

"कशाला? मी भरते."

दोन वर्षं दुपारच्या सुट्टीत त्या वही घेऊन हे डेटाबेसचं काम शिकत होत्या, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता मी दारातच उभी राहिले.

आधी त्यांनी डेटाबेसची नक्कल काढून तिच्यावर करून पाहिलं. मग खऱ्यावर. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हुकमाची एकच ओळ टाइप केली. वेळांचे नियम कॉम्प्युटरच्या फायलींत होतेच. ते उचलून डेटाबेसच्या तक्त्यांत ओतायचे होते. दोन-चार ओळी सरकल्या.

"बिघडलं!" मॅनेजर ओरडले.

"नुसती सूचना आहे, चूक नाही." जाऊबाईंनी एकेक ओळ वाचली आणि डेटाबेसला पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तरात घड्याळाची वेळ आली, मिनिटासकट बरोबर. मग आजवर नोंदींत हाताने मिळवलेले तास खोडून त्यांनी प्रत्येक मुलाचं शहर भरलं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे चार वाजता हेडमास्तरांची लेक स्क्रीनवर हजर! बोलणं झाल्यावर ते काठी टेकत ऑफिसात आले. "कुणी केलं हे?"

मॅनेजरांनी तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, "माझ्या जाऊबाईंनी!"

छाती अशी फुगली होती, जणू ती ओळ मीच टाइप केली होती.

"मला समजावून सांगाल?" हेडमास्तरांनी विचारलं. जाऊबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.