साबणाचा फेस

आप्पांनी तळहातावर साबण चोळला, पिंपातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि हात चोळत राहिले. फेस आला, पण लगेच बसला.

"राजेश्वरी, दुसरा साबण दे गं. ह्यो जुना झालाय."

मी माझ्या लेकीला, रक्षाला कडेवर घेऊन दारात उभी होते. साबण कालच आणलेला होता.

आप्पा, म्हणजे माझे सासरे. वडगावात चाळीस वर्षं त्यांनी रेशीम रंगवलं. आता सगळ्या विणकरांकडे रेशीम रंगवूनच येतं. तरी दर पावसाळ्यात ते पन्हळीखाली निळं पिंप मांडतात. पहिल्या दोन-तीन सरी वाहू देतात. "आधी पत्र्याची आंघोळ हू दे," म्हणतात. मग जुन्या लुगड्याच्या चौघडीतून पाणी गाळून भरतात. बाकीच्या दोन पिंपांतलं पाणी भांड्यांना, झाडांना. ह्याला कुणी हात लावायचा नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, असं काय आहे ह्या पाण्यात?

"काय न्हाय. म्हणून तर ठेवलंय. बोअरच्या पाण्यात लई कायकाय असतंय. रंगाला सोसत न्हाय, डाग पडत्यात. साबणाचा फेसबी टिकत न्हाय, म्हणून रंगवायच्या आधी फेस बघायचा."

काही नसलेलं पाणी. मला त्याचं फार नवल वाटलं होतं. गेल्या महिन्यात रक्षाच्या अंगावर पुरळ उठलं, बोअरच्या पाण्यानं कातडी तडतडायला लागली, तेव्हा तेच आठवलं. पावसानं ओढ दिली होती, बाकीची पिंपं रिकामी होती. आप्पा दुपारी आडवे झाले की मी अर्धी बादली काढायची, आणि पातळी उतरलेली दिसू नये म्हणून तेवढंच बोअरचं ओतायची. पुरळ गेलं.

आणि आज, दोन वर्षांत पहिल्यांदाच, रंगवायचं काम आलं: शेजारच्या यशोदाबाई रेशमाच्या लडी देऊन गेल्या. लेकीच्या लग्नाची साडी त्या स्वतः मागावर विणणार होत्या. "दुकानच्या रंगाला तुमची सर न्हाय, आप्पा. डाळिंबी पायजे." तेव्हापासून आप्पांनी रंगाचं पातेलं तीनदा घासलं होतं.

दुसऱ्या साबणाचाही फेस बसला.

"हातच गेलं म्हणायचं," तळवे उलटसुलट करत ते म्हणाले. "वय झालं. कळंना झालंय." आणि लडी उचलल्या.

"आप्पा, नका भिजवू."

मग सगळं सांगितलं. त्यांनी रक्षाच्या पोटावरून बोट फिरवलं, रेशीम बघतात तसं.

"किती दिस?"

"वीस-बावीस."

"डाग गेलं न्हवं सगळं?"

"व्हय."

"मग पाणी चांगलं हुतं की. सांगायचं हुतंस गं. मीच झाकण काढून दिलं असतं."

लडी फडक्यात बांधून ते स्वतः शेजारी गेले. भिंतीपलीकडून ऐकू आलं. "पाणी बिघडलंय माझ्याकडनं. पाऊस पडला की करतो."

"माग चढवायचाय, आप्पा. थांबून कसं भागंल?"

लडी खडेबाजारातल्या दुकानात रंगवायला गेल्या.

आठ दिवसांनी परतीचा पाऊस आला. पत्र्याची आंघोळ झाली, आप्पांनी पन्हळीखाली चौघडी धरली. पण खाली आधी घागर ठेवली. भरल्यावर तिच्या तोंडाला रक्षाचं दुपटं बांधून ती माझ्याकडे सरकवली. मग रिकामं करून ठेवलेलं निळं पिंप ओढलं. ते भरल्यावर साबण मागितला.

ह्या वेळी फेस बसेना. आप्पा तळवा उघडा धरून पायरीवर बसले.

"हात धुवायला पाणी घालू?" मी विचारलं.

"राहू दे थोडा," ते म्हणाले.