हिरवं पडलेलं टोक

मित्रांनो, मी स्पीकरची एक जुनी वायर आहे. दिसायला यथातथाच, पण आत अस्सल तांबं आहे हो. हल्ली ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा देऊन खपवतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आपलं तसं नाही.

आजोबांनी मला घरी आणलं, दोन्ही टोकं सोलली, तारांना पीळ दिला आणि स्क्रूखाली घट्ट आवळलं. एकीकडे टेप, दुसरीकडे स्पीकर. मग आजींनी गाऊन कॅसेट भरली. गाण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "अहो, येतंय का ऐकू?" तेही कॅसेटमध्ये राहिलं.

आजी गेल्या. आजोबा रोज चहानंतर ती कॅसेट लावू लागले. ऐकून झालं की ओल्या फडक्याने स्पीकर पुसायचे, अगदी मागचे स्क्रूसुद्धा सोडायचे नाहीत. माया उतू जात होती, पण तांब्याला ओल सोसत नाही ना! माझ्या टोकांवर हिरवा थर चढला. आवाज अडखळू लागला, खरखरू लागला, बारीक झाला. माझा जीव तीळ तीळ तुटायचा, पण वायरीचं कोण ऐकतं?

तसंही आजोबांना एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागायची. ते लेकीला म्हणाले, "कान गेले माझे. देऊन टाक हा टेप कुणाला तरी." बोलले अगदी सहज. लेक आत गेल्यावर मात्र कॅसेटवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

टेप न्यायला रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री आले. मला सोडवता सोडवता ते थांबले.

"आजोबा, कानांचं राहू द्या. आधी सांगा, हिला रोज आंघोळ कोण घालतं?"

आजोबांनी मान खाली घातली. मिस्त्रींनी माझी हिरवी टोकं बोटबोटभर कापली, नवं तांबं सोललं, स्क्रू घासून आवळले आणि टेपचं बटण दाबलं.

"अहो, येतंय का ऐकू?"

"येतंय गं," आजोबा म्हणाले. "येतंय."

लेकीने फडकं उचललं आणि उन्हात वाळत घातलं.

तेव्हा मित्रांनो, माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय सोसतं तेही बघा. आम्हाला कोरडं फडकं पुरतं. आता मी थोडी आखूड झालेय, म्हणून आजोबांनी स्पीकर जरा अलीकडे ओढून घेतलाय. त्यांच्या खुर्चीच्या जवळ.