बिनवायरची जागा

आत्या धाकट्या भावाकडे आठ दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आता चार वर्षं झाली होती. भावाची मुलगी आत्या म्हणे, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. बैठकीच्या खोलीत रात्री तिची घडीची खाट उघडे आणि सकाळी सहाला मिटून दाराआड जाई. मग आत्या या घरात राहते याचा पुरावा म्हणून उरायच्या दोन पेट्या, त्याही भावजयीच्या कपाटावर. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं. तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ठरलेला कप्पा नसलेला माल कधी बाहेर निघेल याचा नेम नसतो.

यंदा भावाने फरशीखाली विजेची वायर घालून थंडीपुरती बैठकीची जमीन गरम करायचं मनावर घेतलं. जुन्या फरश्या निघाल्या, खोली रिकामी झाली आणि वायरमन आला. कानावर पेन्सिल, हातात खडू, आणि तोंडाला विश्रांती नाही.

"आधी सांगा, खोलीतल्या कुठल्या वस्तू कायमच्या? ज्याचं बूड जमिनीला टेकतं त्याच्याखाली वायर घालायची नाही. ऊब कोंडते आणि वायर जळते. पायांच्या वस्तू चालतील, खालून हवा जाते."

"सोफ्याला पाय आहेत," भाऊ म्हणाला.

"माझ्या कपाटाला नाहीत," भावजय म्हणाली.

वायरमनने कपाटाचा चौकोन आखला. "खोली चौदा चौरस मीटर. कपाटाचे दोन गेले, राहिले बारा. ही वायर चटईत विणलेली येते. बाराची मिळते, नाहीतर दहाची. मधलं काही नाही. जाळी कापता येते, वायर नाही. वायर कापली की चटई भंगारात. तेव्हा काय ते आत्ता सांगा, दुकानदार फोनवर आहे."

"दहाची कुणाला लागते?" भावाने विचारलं.

"अजून एखादी बुडाची वस्तू असेल तर. दोन बाय एकची."

दाराशी बसून आत्या उशीचा अभ्रा शिवत होती. तिचा हात थांबला. दोन बाय एक म्हणजे एक माणूस आडवा.

"बाराच सांगा," भाऊ म्हणाला. "हे सगळं ताईसाठीच तर चाललंय! थंडीत तिचे गुडघे धरतात. खाटेखालीसुद्धा ऊब पाहिजे. खाट काय, उघडायची आणि मिटायची."

भाऊ अगदी मायेने बोलत होता, आणि मायेनेच बहिणीची जागा फरशीखाली गाडत होता.

आत्याने सुई अभ्र्यात टोचली. "दहा सांगा."

"ताई, तुला कळलं नाही. दहा घेतली तर एक तुकडा थंड राहील."

"कळलंय. तो तुकडा मला दे."

"थंड?"

"थंड. त्यावर मी दिवाण करून घेईन. बुडाचा, खणांचा. सुताराचं मी बघते."

"अगं, वर फरशी बसली की पुन्हा बदलता यायचं नाही!"

"म्हणूनच."

भावाला हा शब्द समजायला वेळ लागला. भावजयीला लागला नाही. ती खडूच्या चौकोनात उभी राहून कोपऱ्याकडे बघत होती. बैठकीच्या खोलीत कायमचा पलंग. दार उघडलं की पाहुण्याला पहिला तोच दिसणार.

फोनमधून दुकानदार "हॅलो, हॅलो" करत होता. "थांब रे, इथे मोजमाप चाललंय," असं म्हणून वायरमनने दोनदा मोजलेली भिंत तिसऱ्यांदा मोजायला घेतली.

"खण किती?" भावजयीने विचारलं.

"चार."

"मग वन्सं, तुमच्या पेट्या माझ्या कपाटावरून खाली यायच्या."

"येतील."

"आणि दिवाण खिडकीपाशी नको. तिथे मी बसते. कोपऱ्यात."

"कोपरा चालेल."

"आणि चादर मी निवडणार. तुमच्या त्या भडक फुलांच्या पाहुण्यांसमोर नकोत."

फुलं आत्याने स्वतः भरलेली होती, त्यामुळे हे जरा लागलं. पण घासाघीस कुठे थांबवायची हे तिला कळत होतं. "निवड," ती म्हणाली.

"दहा," भावजयीने वायरमनला सांगितलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

चटई आली, पसरली. वायर कुठे तुटली नाही ना, म्हणून वायरमनने मीटर लावून आकडा बघितला. फरशीवाल्याने वर मसाला घालून फरशी बसवल्यावर पुन्हा बघितला, आणि तोच आकडा आला तेव्हा कुठे हसला. मग खोलीचा नकाशा काढून मीटरबॉक्सच्या दाराला आतून चिकटवला. उद्या कुणी जमिनीत भोक पाडायला आलं तर वायर कुठे आहे ते कळायला नको? नकाशात दोन चौकोन कोरे होते. एकात लिहिलं होतं 'कपाट', दुसऱ्यात 'आत्या'.

"अरे, दिवाण लिही की," भाऊ म्हणाला.

"दिवाण आलाय कुठे अजून? मालक लिहिला."

मसाला वाळेपर्यंत तीन आठवडे बटणाला हात लावायचा नव्हता. भाऊ रोज जाता-येता त्याच्याकडे बघून घ्यायचा. बटण दाबलं त्या दिवशी अर्धा तास काहीच झालं नाही. भावाने गाल टेकवून बघितला, वायरमनचा उद्धार केला, आणि मग त्याचा गाल गरम झाला. त्या संध्याकाळपासून सोफा ओस पडला. सगळं घर जमिनीवर आलं.

महिन्याभराने भावजयीची मैत्रीण आली. पायातले मोजे काढून तिने खोलीभर फेरी मारली, वा वा केलं आणि कोपऱ्यापाशी थबकली. दिवाणावर आत्या पेपर वाचत होती.

"हे एवढं आत हलवलंस ना, तर खोली केवढी मोकळी होईल!"

"हलवणार कसं? त्याच्याखाली वायरच नाही, तेवढा तुकडा गारच राहायचा," भावजय कप भरता भरता म्हणाली. "ती वन्संची जागा आहे."

"म्हणजे कायमची?"

"फरशी फोडेपर्यंत. आणि फरशी मी फोडू द्यायची नाही, हा रंग मिळवायला चौदा दुकानं पालथी घातलीत."

आत्याने पेपरची घडी केली आणि सरकून मैत्रिणीला बसायला जागा करून दिली.