दोन बिनकामाच्या पिना

"जाग!"

नादगुरूंनी डोळे मिटून उजवा पाय त्या काळ्या पाटावर ठेवला, आणि पाटावरचे दहाच्या दहा दिवे पेटले. लाल, हिरवे, निळे. पाठोपाठ स्पीकरमधून घुमणारा सूर निघाला. बॅडमिंटन हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसलेल्या दोनशे माणसांनी एकच "आहाहा!" केलं. शेजारी सासूबाईंनी हात जोडले. माझ्या मांडीवर भिंगरीने, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या लेकीने, टाळ्या पिटल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत होते. मिनिटाला सव्वीस. ठीक.

मोजायची ही खोड मला डॉक्टरीणबाईंनी लावली. भिंगरीला दमा आहे. तोंडातून ओढायच्या पंपाचे सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन पफ. मग ती दिवसभर घरात गरगर फिरते, म्हणून भिंगरी. एकदा प्रवासात पंप घरी विसरला, तर चौथ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून मी सगळंच मोजते. श्वास, पफ, जिन्याच्या पायऱ्या, समोरच्याच्या थापासुद्धा.

"पाहा, नीट पाहा!" नादगुरूंनी पाट उलटा करून दाखवला. "सेल आहे? नाही! वीज घ्यायचं हे भोक, यात काही खुपसलंय? रिकामं! मग आमचं चरणपीठ पेटलं कशावर? स्पंदनांवर! कॉस्मिक फ्रिक्वेन्सी तळपायातून उतरते आणि रोगाला मुळापासून हलवते. ज्याच्या अंगात ही वीज शिरली, त्याला गोळी कशाला, पंप कशाला?"

पाटापासून एक काळी तार निघून शेजारच्या, सोनेरी कापडाने झाकलेल्या खोक्यात जात होती. खोक्याला चिकटून एक गलेलठ्ठ शिष्य बसला होता.

"ही तार म्हणाल, तर हिच्यातून फक्त निरोप जातो. कुठला नाद वाजवायचा, एवढाच. वीज जात नाही. खोटं वाटत असेल तर जाणकाराला विचारा!"

आणि जाणकार उठला. तो निघाला माझा दीर! आमचे भाऊजी गिटार वाजवतात. पायाने दाबून आवाज बदलायचा असाच एक पाट आणि असंच एक खोकं त्यांच्याकडेही आहे.

"बरोबर आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "मिडीची, म्हणजे वाद्यांचे निरोप नेणारी तार आहे. दहा वर्षं मी स्वतः या तारा बनवतोय. वीज नाही जात यातून."

झालं! घरचाच साक्षीदार मिळाल्यावर सासूबाईंचं काय राहिलं? पुढच्या रविवारी 'औषधत्याग' होता. ज्याने त्याने आपलं औषध टोपलीत टाकायचं आणि चरणपीठावर पाय ठेवून मोकळं व्हायचं.

"दोन वर्षं पंप, पंप, पंप," घरी येताना सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं बालपण काय त्या नळकांड्यात घालवायचंय? रविवारी टाकू टोपलीत."

"आई, डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"त्या म्हणतात जन्मभर. हे म्हणतात एका रविवारात. माझं लेकरू बरं व्हावं असं मला वाटू नये?"

त्यांचा जीव होता भिंगरीवर, म्हणून तर भीती. मी सकाळीच नोकरीवर जाते. सकाळचा पंप सासूबाईच देतात. मी छपन्न पंप आणले असते, पण त्यांना पटल्याशिवाय एकही पफ पोरीच्या छातीत गेला नसता.

बुधवारी भाऊजी जेवणाच्या टेबलावर तारेला डाख देत, म्हणजे वितळत्या कथलाने प्लग जोडत बसले होते. मी समोर पालेभाजी निवडत होते. सवयीने मोजलं.

"भाऊजी, या प्लगला पिना पाच दिसतात. तुम्ही तारा तीनच जोडल्या."

"दोन बिनकामाच्या असतात, वहिनी. निरोपाला तीन पुरतात. उगाच कशाला डाख वाया घालवा?"

"आणि कुणी जोडल्या तर?"

भाऊजींचा हात हवेत थांबला. डाखाचा थेंब सासूबाईंच्या नव्या टेबलक्लॉथवर टपकला आणि भोक पडलं. तीच तीन पिनांची तार पुरी करून त्यांनी माझ्या हातात दिली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ही तार रविवारी तुमच्या पर्समध्ये असू द्या."

रविवारी टोपली निम्मी भरली होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, डायबेटिसच्या गोळ्यांची पाकिटं. सासूबाईंच्या मुठीत भिंगरीचा पंप. आमचा नंबर आला. मी पर्स घेऊन उठले.

"गुरुजी, एक विचारू? वीज तुमच्या पायातून येते ना?"

"निःसंशय, माते."

"तारेतून नाही?"

"तारेतून केवळ निरोप!"

"मग तार कुठलीही चालेल. ही आमच्या भाऊजींची. दिसायला अगदी तशीच आहे."

नादगुरूंच्या मिशीचं एक टोक हललं. "परकी तार अशुद्ध असते, माते."

"निरोप अशुद्ध झाला तर सूर बिघडेल, गुरुजी. दिवे तर पायाचे आहेत!"

मागून कुणीतरी खुसखुसलं. मला मदत मात्र भलत्याच ठिकाणाहून आली. "लावा हो गुरुजी," सासूबाई खात्रीने म्हणाल्या. "हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे!"

आता नाही कसं म्हणणार? भाऊजींनी तार बदलली. नादगुरूंनी पाय ठेवला. "जाग!"

पाट काळाठिक्कर.

"जाग! जागऽऽ!" त्यांनी पाय आपटला. शिष्याचा हात सोनेरी कापडाखाली चुळबुळ चुळबुळ करत होता.

"शंकेखोर बाईमुळे स्पंदनं तुंबली आहेत!"

"तुंबली नाहीत, त्यांना वाटच नाही," म्हणत भाऊजींनी कापड ओढलं. खोक्याच्या पाठीमागे दोन अडॅप्टर. एक खोक्याचा. दुसरा शेजारच्या भोकात, आणि त्याच्या बटणावर शिष्याचं बोट.

"लोकहो, मागच्या रविवारी मी चुकीची साक्ष दिली," भाऊजी कान पकडून म्हणाले. "मिडीच्या तारेत पाच पिना असतात. निरोपाला तीन लागतात, म्हणून मी दोन कधी जोडल्याच नाहीत, आणि समजलो की कुणीच जोडत नाही. काही खोक्यांना मुद्दाम हे जास्तीचं भोक असतं. त्यात पाटाचा अडॅप्टर लावायचा. यांच्या तारेत पाचही जोडलेल्या आहेत, म्हणून वीज त्या दोन पिनांतून पाटापर्यंत जाते. स्टेजवर वायरींचा गुंता नको म्हणून केलेली सोय आहे ही. चांगली सोय आहे. यांनी तिचा देव केला."

त्यांनी नादगुरूंची तार परत लावली आणि बटण दाबलं. नादगुरू दहा फुटांवर उभे होते. तरीही दहाच्या दहा दिवे पेटले. भिंगरी माझ्या हातून निसटली आणि थेट पाटावर चढून नाचू लागली. एका पायाला एक सूर, दुसऱ्याला दुसरा!

"आजी, बघ, माझ्या पायात पण आहे!"

हॉल हसून हसून आडवा झाला. आणि मग एकदम सगळ्यांना टोपली आठवली. अशी झुंबड उडाली म्हणता! "ती पिवळी पट्टी माझी!" "अहो, ते थेंब माझ्या डोळ्यांचे, तुमच्या कानात घालू नका!" त्या गर्दीत नादगुरू मागच्या दाराने कधी सटकले ते कुणी पाहिलंच नाही. चरणपीठ मात्र राहिलं.

भिंगरी नाचून धापा टाकत आली. मी पाठीवर हात ठेवला. चौतीस. माझ्या आधी सासूबाईंनी मूठ उघडली. पंप घामाने ओला झाला होता. पदराने पुसून त्यांनी विचारलं, "नेहमीसारखेच दोन ना गं? आत्ता देऊ?"

"हो, आई."

"मोज. मी देते, तू मोज."

मी शास्त्रज्ञ नाही, एक घाबरट आई आहे. पण घाबरलेल्या माणसाला एवढं करता येतं: चमत्कार दिसला की पाया पडण्याआधी वाकून तारा मोजाव्यात. जाणकाराने सांगितलं तरी मोजाव्यात. तोही कधीतरी दोन पिना विसरतो. आणि मोजून होईपर्यंत औषध टोपलीत टाकू नये. मुठीतच राहू द्यावं.