रोझमेरीचा उपास

"एक बोंबील खायचा तर न्हाणीघरात कडी लावून खायचा! सत्तर वरसं झाली, येवढी चोरी मी कंदी केली न्हाय."

सासूची कुरकुर न्हाणीघरातूनच आली. न्हाणीघराची आणि रोझमेरीच्या खोलीची भिंत एकच, तीही एका विटेची. तिकडे साबण निसटला तरी इकडे कळायचा. पाठोपाठ नळ सोडल्याचा आवाज आला. तो बोंबील चावल्याचा आवाज झाकायला आहे, हे रोझमेरीनं ओळखलं. सुका बोंबील, गॅसवर भाजलेला, शेपटीकडे जरा जास्तच. इतकं सगळं तिला नुसत्या वासावरून कळलं. ऑपरेशन झाल्यापासून पोट मुठीएवढं झालं होतं आणि नाक सुपाएवढं.

"आय, हळू. ती जागी असेल."

म्हणजे सेबेस्टियनही आतच होता. शाळेत चित्रकला शिकवणारा बावन्न वर्षांचा माणूस आपल्या आईबरोबर न्हाणीघरात उभा राहून मासळी खात होता, आणि ते बायकोवरच्या मायेपोटी, तिला वास येऊ नये म्हणून. रोझमेरीला हसावं की रडावं कळेना. दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं, कारण हसलं की टाके ओढायचे आणि रडलं की उचकी लागायची. तिनं औषधाच्या बाटलीचं टोपण उचललं आणि त्यातलं डाळीचं गाळलेलं पाणी जिभेवर घेतलं. दर पाच मिनिटांनी एक टोपण. आज बाविसावा दिवस.

माणिकपूरच्या त्यांच्या आळीत रोझमेरीची जीभ म्हणजे काय चीज होती, हे आळीबाहेरच्याला सांगून पटायचं नाही. कुणाच्याही घरी लग्न असो, मटणाचं पातेलं उतरायच्या आधी माणूस धावत यायचा, "रोझीला बोलवा!" रोझमेरी यायची, डाव तळव्यावर टेकवायची, चाटायची, डोळे मिटायची. मंडपात शांतता पसरायची. "मूठभर मीठ, नि जरा उकळू दे." मग पातेलं उतरायचं. नवरीच्या बापालाही एवढा मान नव्हता. आता या जिभेला अर्धा चमचा डाळीचं पाणी मिळत होतं, आणि त्यात मीठ किती हे सांगायला कुणी विचारत नव्हतं.

ऑपरेशनचा हट्ट तिचा स्वतःचा. एकशे अठरा किलो वजन, गुडघे बोलायला लागलेले, साखर वर. तिची थोरली बहीण एमी, राजोडीला दिलेली, गेल्या पावसाळ्यात साखरेनंच गेली. त्यावर घरात कुणी बोलत नसे. एमीचं नाव निघालं की कुणीतरी उठून पंखा लावायचं. म्हणून रोझमेरी मुंबईच्या डॉक्टरांचं कार्ड घेऊन आली, तेव्हाही कुणी "का?" विचारलं नाही. सेबेस्टियननं मुकाट सही केली. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलीनं, रिचेलनं, सुट्टी टाकली. सासू म्हणाली, "पोट कापून बारीक? बरं." झालं.

तारीख मात्र रोझमेरीनं डोकं चालवून घेतली होती. ऑपरेशन अशा बेतानं की घरी यावं आणि राखेचा बुधवार उजाडावा. मग ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपासाचे. कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी चहातली साखर. या दिवसांत ताटातलं नको म्हणणाऱ्याला "का?" म्हणून विचारायची पद्धत नाही, विचारलं तर विचारणाऱ्यालाच पाप. आळीला सांगायचं, मुंबईला नणंदेकडे चार दिवस गेले होते. ईस्टरला सडपातळ होऊन नव्या झग्यात चर्चमध्ये मिस्साला जायचं. कुणी म्हटलं, "रोझी, बारीक झालीस," तर खाली मान घालून म्हणायचं, "देवाची कृपा."

बेत बिनचूक होता. पण उपासाच्या माणसाला भूक लागते, एवढी एकच गोष्ट त्यात धरलेली नव्हती. खरं तर भूकही नव्हती. पोट म्हणायचं, पुरे. तोंड म्हणायचं, कुठे काय? बाराव्या दिवशी तिनं रिचेलच्या मोबाइलवरून डॉक्टरांना गुपचूप फोन लावला.

"डॉक्टर, ते परत जोडता येतं का?"

"काय, मॅडम?"

"कापलंत ते."

मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, असं सगळ्यांना वाटतं. चौथ्या आठवड्यापर्यंत वाटतं. घरात कुणाशी तरी मोकळं बोला."

मोकळं बोलायचं कुणाशी? घरचे सगळे न्हाणीघरात!

घरात आता खाण्याचा शब्द निघत नसे. 'जेवण' म्हणायच्या ऐवजी सेबेस्टियन 'ते' म्हणायचा. "आय, ते झालं का?" टीव्हीवर कुणी पुऱ्या तळायला लागलं की रिचेल बातम्या लावायची. दिवसातून दहा वेळा तिघं आळीपाळीनं विचारायची, "बरं वाटतंय ना?" आणि उत्तर यायच्या आधीच म्हणायची, "वाटेल, वाटेल." आपणच अडवायला हवं होतं असं सेबेस्टियनला वाटत असावं, आणि आपण सुट्टी टाकली नसती तर हे झालंच नसतं असं रिचेलला. खरा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. रोझमेरीही म्हणायची, "बरं आहे," आणि टोपण उचलायची.

इकडे आळीत तिचा उपास गाजायला लागला होता.

दर शुक्रवारी संध्याकाळी आळीच्या क्रुसापाशी क्रुसाची वाट म्हणत, येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना. चौदा स्थानं झाली की ज्यांची पाळी असेल त्यांच्याकडून सगळ्यांना पेज आणि कैरीचं लोणचं. पहिला शुक्रवार रोझमेरीनं चुकवला. दुसऱ्या शुक्रवारी गेली, पेजेचं वरचं पाणी दोन चमचे घेतलं आणि वाटी खाली ठेवली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिसऱ्या शुक्रवारी कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली, क्रुसाच्या अगदी जवळ. साठीच्या वरच्या बायका सतरंजीवर आणि अठ्ठेचाळीसची रोझमेरी खुर्चीवर!

समोरच्या नव्या बिल्डिंगमधली संपदा तर पार भारावली होती. ती लोणच्यासाठी यायची आणि क्रुसाची वाट संपेपर्यंत थांबायची.

"आंटी, मानलं तुम्हाला. आमच्यात एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वरून रताळ्याचा कीस. उपास केला की माझं वजन वाढतं. तुमच्यात सीरियस असतं सगळं."

"तसं काही नाही गं."

"बघा, किती साधेपणा!" संपदा बाजूच्या बाईला म्हणाली.

त्याच संध्याकाळी फिलोमिना टीचरनं तिला गाठलं. टीचर रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण आळी अजून तिचा वर्ग होता. "रोझमेरी, पुढच्या शुक्रवारी शेवटी पाच मिनिटं तू बोलायचंस. उपासाबद्दल. तुझा अनुभव."

"मी? टीचर, मला बोलता येत नाही."

"चौथीत असताना तुला गप्प बसवायला मला दोन पट्ट्या मोडाव्या लागल्या होत्या. बोलशील."

आता काय करायचं? ऐन उपासाच्या दिवसांत, क्रुसासमोर उभं राहून खोटं बोलायचं? आणि ईस्टरच्या आधी कुमसाराला, पापं कबूल करायला गेल्यावर फादरना काय सांगायचं? खरं बोलावं तर पोट कापून खुर्चीवर बसलेली ढोंगी म्हणून जन्मभर नाव पडायचं. उद्या कुणी मीठ चाखायला बोलावणार नाही. चाखून तरी काय, दोन थेंबांत पोट भरायचं!

घरात खल झाला. रिचेल म्हणाली, "मम्मी, जनरल बोल. त्याग, संयम. नेटवरून काढून देते." सेबेस्टियननं भाषणाच्या कागदाभोवती वेलबुट्टी काढून दिली. त्याला दुसरं काही सुचलं नाही. सासू कोपऱ्यात जपमाळ ओढत होती, ती म्हणाली, "नि तू काय सांगनार?"

"कागदावर आहे ते," रोझमेरी म्हणाली.

"कागदावर हाय ते मला म्हाईत हाय," सासू म्हणाली आणि पुन्हा जपमाळेकडे वळली.

गुरुवारी दुपारी घरात सामसूम झाली. सासू ओट्यावर शेजारणीशी बोलत होती. रोझमेरी पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि डब्यांच्या मागे हात घातला. बोंबील तिथंच होते. भाजलेलेसुद्धा. तिनं ठरवलं, फक्त चावायचं, चव घ्यायची आणि थुंकून टाकायचं. यात कसलं आलंय ऑपरेशन आणि कसलं पाप?

पहिला घास तिनं नियमाप्रमाणे थुंकला. दुसरा जिभेवर जरा जास्त राहिला. तिसरा कसा गेला ते तिलाही कळलं नाही. गेला आणि छातीच्या मध्यावर येऊन बसला. खाली जाईना, वर येईना. कपाळावर घाम, तोंडात पाणी, डोळ्यांपुढे काजवे. ती मोरीपाशी ओणवी झाली. मनात एकच आलं: बोंबलाच्या तुकड्यानं मेले, हे फादर मिस्साला कसं सांगतील?

पाठीवर कुणीतरी हात ठेवला. सासूचा हात, लाकडासारखा कडक. तो वरून खाली फिरत राहिला. बऱ्याच वेळानं तुकडा आला त्या वाटेनं परत गेला. सासूनं मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, रोझमेरीचं तोंड पदरानं पुसलं. मग डब्यांमागचे उरलेले बोंबील कागदात गुंडाळले आणि बाहेर जाऊन शेजारणीला दिले. परत येऊन जपमाळ घेऊन बसली. रागावली असती तर परवडलं असतं.

मग शुक्रवार आला. चौदावं स्थान झालं. पेजेचं पातेलं क्रुसाच्या मागे वाफाळत होतं, नि रोझमेरीला वासावरून कळलं की मीठ कमी आहे. फिलोमिना टीचरनं चष्मा वर केला. "आता रोझमेरी."

रोझमेरी उभी राहिली. वेलबुट्टीचा कागद उघडला.

"उपास म्हणजे त्याग," तिनं वाचलं. "उपासानं शरीर हलकं आणि मन..." पुढची ओळ दिसेना. सतरंजीवरच्या बायका आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होत्या. एकटी संपदा मान डोलावत होती. बाजूला पुरुषांत सेबेस्टियन, त्याच्यापुढे कट्ट्यावर सासू. तिनं कागद दुमडला.

"मी उपास करत नाही," रोझमेरी म्हणाली. "ऑपरेशन केलंय मी. पोट कापून लहान केलंय. मला खाताच येत नाही. नणंदेकडे गेलेच नव्हते. ही खुर्ची घ्या तुमची."

कुणी "अगं बाई" म्हटलं नाही. पुरुषांत कुणीतरी खोकलं, बस्स.

"माहीत आहे," फिलोमिना टीचर म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ऑपरेशन. एक फेब्रुवारीला झालं. आदल्या दिवशी पहाटे सहाच्या मिस्साला फादरनी वेदीवरून वाचलं, 'आजची मिस्सा रोझमेरीच्या पोटाचं ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून, अर्पण करणार तिचे पती सेबेस्टियन.' माइकवर."

रोझमेरीनं मान वळवली. सेबेस्टियन क्रुसावरच्या खिळ्यांचं निरीक्षण करत होता.

"पहाटेची होती," तो पुटपुटला. "मला वाटलं, पहाटे कोण येतंय."

"सगळी आळी येते पहाटे," टीचर म्हणाली. "उपासाच्या आधी मटण-मासळी आणायला बाजारात जायचं असतं, जाता जाता मिस्सा. तू येऊन म्हणालीस, नणंदेकडे होते. आम्ही म्हटलं, होती. तू म्हणालीस, उपास. आम्ही म्हटलं, उपास. टाके दुखतील म्हणून खुर्ची ठेवली."

"मग मला बोलायला कशाला लावलंत?"

"बोलत नव्हतीस म्हणून."

"म्हणजे उपासानं नाही बारीक झालात?" संपदा सगळ्यात मागून म्हणाली. तिचा आवाज इतका पडलेला होता की दोघीचौघींना हसू फुटलं, मग पुरुषांत कुणाला तरी, आणि रोझमेरीलाही. टाके ओढले, तिनं पोट धरलं, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाच कळलं नाही. रिचेल पाणी घेऊन धावली. "मम्मी, बरं वाटतंय ना? वाटेल, वाटेल."

"वाटेल वाटेल काय लावलंय," सासू कट्ट्यावरून उठली. "सगली इच्यारतात बरं वाटतं का, बरं वाटतं का. पस्तावलीस का, ते कोन इच्यारील?" ती सुनेसमोर येऊन उभी राहिली. "पस्तावलीस?"

रोझमेरीनं सेबेस्टियनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली नाही, पहिल्यांदाच.

"हो, आय. पहिल्या दिवसापासून."

"मंग पस्ताव," सासू म्हणाली. "एमीला डॉक्टरनी सांगितलं, पाय काप, वाचशील. ती न्हाय म्हनली, नि गेली. तुजी बहीन मेली, रोझी, नि तू हाइस. बस हितं, नि पोटभर पस्ताव."