पहिली आलेली समता

“दुसरा डॉक्टर नोको मले,” तानुबाई खाटेवर उठून बसल्या. “चिरायचं तं आपल्या समतानंच.”

समता पायथ्याशी उभी होती. तिचे हात पांढऱ्या कोटाच्या खिशात होते. तानुबाई गावाकडच्या, साखरखेर्ड्यातल्या तिच्या घराशेजारच्याच. बेंबीजवळचा हर्निया वाढत गेला तरी दवाखान्याला भीत होत्या. अखेर समताची आई सिंधूताई त्यांना बुलडाण्याला घेऊन आली ती एकाच भरवशावर: आपली लेक सर्जरी शिकते आणि लेखी परीक्षेत पहिली आली आहे.

पुढचं आईला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्याच आठवड्यात असाच हर्निया शिवताना समताची गाठ पुन्हा पुन्हा सैल पडली. सर्जरी शिकवणाऱ्या सरांनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. त्याच गाठीवर तिनं पेपरात पानभर लिहिलं होतं. सोबतचा प्रसेनजित लेखीत जेमतेम पास झालेला, पण त्याचा हात सरसर चालायचा.

तिनं आईला व्हरांड्यात नेलं.

“आई, ऑपरेशन सर करतीन. मी बाजूले उभी राहीन.”

“काऊन? पहिली आली ना तू?”

“पेपरात आली. पेपरात सुई धरा लागत नाही. माह्या हाताले अजून टाइम लागन.”

“मंग तिले काय सांगू मी? माह्या शब्दावर आली ते.”

“मीच सांगतो.”

ती तानुबाईंजवळ जाऊन बसली. ऑपरेशन सर करणार आहेत, असं तिनं सांगितलं. तानुबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं.

“तुले येत नाही का?”

“अजून चांगलं येत नाही, आजी.”

तानुबाई हळूच आडव्या झाल्या. “मंग भूल चढेपर्यंत हात धरून राह्य माहा.”

दुसऱ्या दिवशी सरांनी ऑपरेशन केलं. शेवटी कातडीचे टाके उरले तेव्हा त्यांनी सुई समताच्या हातात दिली. तिचा पहिलाच टाका ढिला बसला. सर काही बोलायच्या आत तिनं तो स्वतःच कापला आणि पुन्हा घातला. या वेळी तो बसला. उरलेले तिनं सावकाश घातले. सर घड्याळाकडे बघत थांबून राहिले.

ती बाहेर आली तेव्हा सिंधूताई फोनवर होती. पलीकडून तानुबाईंची सून मोठमोठ्यानं विचारत होती, केलं का समतानं?

सिंधूताईनं लेकीकडे पाहिलं. बाकावर बसलेल्या बायाही ऐकत होत्या.

“नाही वं,” ती आवाज खाली न आणता म्हणाली, “तिच्या सरानं केलं. ते शिकून राह्यली अजून.”