साध्या पाण्याने तीनशे एकाहत्तर

डॉक्टरांनी बाबांना पंधरा दिवस दिले. रोज घरच्या मशीनवर रक्तातली साखर तपासायची, आकडा वहीत लिहायचा, पंधराव्या दिवशी वही घेऊन यायचं. आकडे दोनशेच्या वर राहिले तर इन्सुलिन सुरू आणि केकचं काम बंद.

"दिवसभर साखरेत हात, वर चाखणं. हे आता तुम्हाला झेपायचं नाही," ते म्हणाले.

बाबा सव्वीस वर्षं केकवर साखरेची फुलं करतायत. त्यांचे गुलाब असे असतात की एका बाईंनी केक कापायच्या आधी ते काढून फुलदाणीत पाण्यात ठेवले होते. फुलं विरघळल्यावर त्यांनी तक्रार केली नाही. फोन करून दुःख व्यक्त केलं.

"काम बंद झालं तर तुम्ही करणार काय?" मी घरी आल्यावर विचारलं.

"घरी बसेन."

"कुठल्या घरी?" आईने विचारलं.

बाबा हसले नाहीत. ते आपले अंगठे बघत बसले. पाकळी त्यांच्या अंगठ्यांनी वळते, कुठल्याही साच्याने नाही, आणि हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे.

विज्ञानाचा पदवीधर घरात मी एकटाच. बल्ब उडाला तरी लोक माझ्याकडे अपेक्षेने बघतात. म्हणून योजना मीच मांडली. बाबांना गोड काहीतरी लागतंच, तर कुठल्या गोडाने साखर किती चढते ते एकदाचं बघून टाकू. न्याहारी रोज तीच. अकरा वाजता एक ग्लास पाणी, त्यात दोन चमचे साखर किंवा तितकंच गोड दुसरं काहीतरी. बरोबर एका तासाने बोटाला सुई.

पहिला दिवस दुकानाच्या सुट्टीचा होता. घरीच, आंघोळबिंघोळ करून बाबांनी साखरेचं पाणी प्यायलं. आकडा आला एकशे अडुसष्ट.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग दुकानामागच्या कारखान्यात हलवला, कारण एक मोठी ऑर्डर आली होती. कुठल्याशा कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून पाच मजली केक आणि त्यावर चारशे गुलाब. बाबा गुलाब वळता वळता ग्लास रिकामा करायचे आणि तासाभराने बोट पुढे करायचे.

मधाने दोनशे एकोणचाळीस.

"मध नैसर्गिक असतो," बाबा म्हणाले. त्यांना ते मनाला लागलं होतं.

गुळाने दोनशे बासष्ट. खजुराच्या सिरपने दोनशे सत्त्याऐंशी. मग स्टीव्हिया, म्हणजे एका झुडपाच्या पानांचा अर्क. त्याच्या डबीवर लिहिलं होतं की याने साखर वाढत नाही. तीनशे चौतीस. त्यानंतर एरिथ्रिटॉल नावाची पांढरी पूड, जी जिभेला गार लागते आणि रक्तापर्यंत पोचून काही करत नाही असं म्हणतात. तीनशे बावन्न.

मी वहीत निष्कर्ष लिहिला: आजवर तपासलेल्यांत सगळ्यात निरुपद्रवी पदार्थ साखर.

"मी सव्वीस वर्षं काय सांगतोय?" बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. एका आठवड्यात आकडा दुप्पट झाला होता, आणि डॉक्टर काही निष्कर्ष वाचणार नव्हते, आकडे वाचणार होते.

सातव्या दिवशी मी नुसतं पाणी दिलं. साधं. नळाचं.

तीनशे एकाहत्तर.

"पाण्यानेही चढते," बाबा म्हणाले आणि ओट्याला टेकले. "आता सोडायचं तरी काय?"

मला खरंच भीती वाटली. भीती वाटली की मी आणखी प्रयोग करतो, हा माझा स्वभाव आहे. मशीनच बिघडलं असेल म्हणून मी ओव्हन सांभाळणाऱ्या मास्तरांना बसवलं. ते कामाच्या गर्दीत दोन दिवस बाबांना गुलाबाचं पीठ मळून देत होते. साठीचे, काडीसारखे, आयुष्यात कधी दुसरी पोळी न घेतलेले. आकडा तीनशे अठ्ठ्याण्णव.

मास्तर शांतपणे उठले आणि मैद्याच्या पोत्यांवर आडवे झाले.

"मला सकाळपासून तहान लागत होती," ते म्हणाले.

"तुम्ही ओव्हनसमोर उभे असता, मास्तर."

"ती तहान वेगळी. माझं घड्याळ जावयाला द्या. सायकल मात्र नको, तो पडतो."

मग मी केक पोचवणाऱ्या ड्रायव्हरची साखर बघितली. सत्त्याण्णव. मशीन चांगलं होतं. बाबांनी तर्क केला की ड्रायव्हर उघड्या हवेत असतो, म्हणजे दोष कारखान्याच्या हवेत आहे. सव्वीस वर्षं आपण साखर श्वासातून घेतोय. मी पदवीधर असूनही मान डोलावली.

हे कळताच कारखान्यात आलेल्या आईने आत्याला फोन केला. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसाला शंभर लोकांना टोचते, त्यामुळे कुणाच्याही ओरडण्याने तिच्यावर परिणाम होत नाही. ती दुपारी आली. पोत्यांवरच्या मास्तरांना ओलांडून आत शिरली, वही चाळली आणि पाण्याच्या आकड्यापाशी थांबली.

"दादा, टोचायच्या आधी हात धुतोस का?"

"सकाळी धुतो की."

"टोचायच्या आधी विचारतेय."

"कामात कसा धुणार? ओला हात लागला तर पाकळी चिकटते. आमच्याकडे हात पुसतात. कोरड्या फडक्याने." त्यांनी फडकं दाखवलं. ते इतकं कडक झालं होतं की आपोआप उभं राहत होतं.

"आणि या गुलाबाच्या पिठात काय काय असतं?"

"पिठीसाखर, जिलेटिन, लिक्विड ग्लुकोज..."

बोलता बोलता बाबा थांबले. ओट्यावर काचेसारख्या घट्ट पाकाचा पाच किलोचा डबा होता आणि त्यावर बोटाएवढ्या अक्षरांत 'ग्लुकोज' असं लिहिलेलं होतं.

"हे मशीन काय मोजतं, बाळा?" आत्याने मला विचारलं.

"ग्लुकोज," मी म्हणालो.

"शाब्बास. पदवी कुठली म्हणालास?"

म्हणजे आठवडाभर आम्ही बाबांच्या रक्ताऐवजी त्यांच्या बोटावरचा पाक मोजत होतो. जसजसे गुलाब वाढले, तसतसा बोटावरचा थर आणि वहीतला आकडा वाढला. पहिल्या दिवशी ते आंघोळ करून बसले होते, म्हणून बिचारी साखर निर्दोष सुटली.

"पण खरा आकडाही जास्त असू शकतो," आई म्हणाली. तेव्हा आमचं सुरू झालेलं हसणं थांबलं, कारण ते खरं होतं.

बाबांनी साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. नखं घासली. शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे हात वर धरून बाहेर आले. आत्याने स्वच्छ रुमालाने बोट कोरडं केलं, टोचलं. मशीन पाचापासून उलटं मोजतं. तीनपाशी आईने माझा दंड धरला.

एकशे एकतीस.

बाबांनी आकडा वाचला, मशीन आईला दाखवलं, मग पुन्हा स्वतः वाचला. आई म्हणाली, "अहो, खाली बसा," आणि स्वतः बसली.

मास्तरांनीही हात धुतले. एकशे चार. ते जरा नाराज दिसले. घड्याळ परत घ्यावं लागणार होतं, आणि जावयाला फोन आधीच गेला होता.

उरलेल्या दिवसांत सगळा प्रयोग धुतलेल्या हातांनी नव्याने केला. साखरेने एकशे अडुसष्टच. मधाने एकशे एकसष्ट, गुळाने एकशे पासष्ट, खजुराने एकशे अठ्ठावन्न. म्हणजे ही सगळी मंडळी एकाच घरातली, फक्त कपडे वेगळे. स्टीव्हियाने एकशे बत्तीस, एरिथ्रिटॉलने एकशे तीस, आणि साध्या पाण्याने एकशे एकतीस. पाण्याची आम्ही माफी मागितली. शेवटच्या दिवशी बाबांनी हौसेने बिनसाखरेचा केक करून खाल्ला, तर एकशे ऐंशी. 'बिनसाखरेचा' म्हटलं तरी मैदा होताच की त्यात.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी वही उघडली. पहिला आठवडा मी खोडला होता, पण वाचता येत होता.

"साध्या पाण्याने तीनशे एकाहत्तर?"

"हो," बाबा म्हणाले. "ते बोट होतं."

सगळं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "गोळ्या आहेत त्याच. इन्सुलिन नको. तीन महिन्यांनी लॅबची तपासणी. चहात स्टीव्हिया चालेल, मध-गूळ औषध समजून घेऊ नका."

"आणि काम?" आईने विचारलं.

"करा. चाखायला मात्र दुसरा कुणीतरी ठेवा."

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. पदवीचा उपयोग अखेर सापडला होता.

परत येताना आई गाडीत बसल्या बसल्या झोपली. तोंड थोडं उघडं, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. गेल्या पंधरा रात्री ती पंखा बघत पडून होती, हे बाबांनी मला तेव्हा सांगितलं, अगदी हळू आवाजात. दुकान आलं. बाबांनी वेग कमी केला, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी न थांबवता पुढे नेली. चौकातून वळसा घेतला. दुकान पुन्हा आलं, पुन्हा गेलं. चौथ्या फेरीला मास्तर दारात येऊन आम्हाला थांबायच्या खुणा करू लागले, तेव्हा बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाचव्या फेरीला निघाले.